शॉवरची धार बारीक का झाली?

सकाळची घाई. पोळ्या तव्यावर, डबे भरायचेत, ह्यांना लोकल गाठायचीय, आणि नेमकी न्हाणीघरातून हाक येते, “अगं, शॉवरला जोरच नाही!” उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या घरांत ही हाक काही नवी नाही. आपण म्हणतो, ‘वरूनच पाणी कमी, आपण काय करणार?’ पण मैत्रिणींनो, दर वेळी दोष वरचाच नसतो बरं का!

उल्हासनगरला बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीकडून येतं. अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरण पाणी देतं, त्यातलं बरंचसं बदलापूरजवळ उल्हास नदीच्या बॅरेज बंधाऱ्यावरचं. इमारतीत मात्र ते आधी खालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून स्वतःच्या वजनाने आपल्या घरात उतरतं. म्हणजे गच्चीवरची टाकी भरलेली असूनही शॉवर रडत असेल, तर कारण टाकी आणि शॉवर यांच्यामध्येच शोधायला हवं.

त्यासाठी १० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. न्हाणीघरातल्या नळाखाली ती किती वेळात भरते ते बघा, मग शॉवरखाली.

नळ जोरात पण शॉवर मंद असेल, तर शॉवरची जाळी तुंबली आहे. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार भोकांत बसतात. पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाला, की गाळ नि गंज वाहत येतो. पान्याखाली फडकं गुंडाळून जाळी सोडवा, तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. उरलेली भोकं टाचणीने मोकळी करा. फरशी धुवायचं ॲसिड मुळीच नको, चकाकी जाईल. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडरही कधी मिसळू नका, विषारी वायू होतो.

फक्त गरम पाणी मंद असेल, तर गीझरकडे वळा. त्याच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा जाळी कचऱ्याने अडते. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या, आणि त्याआधी गीझरची वीज बंद करायला विसरू नका.

न्हाणीघरातलं सगळंच पाणी मंद, पण स्वयंपाकघरात मात्र जोर, असं असेल तर न्हाणीघराची चावी पूर्ण उघडी आहे का बघा. दुरुस्तीला आलेला माणूस ती अर्धवट सोडून जातो, आणि आपण महिनोन्‌महिने कुरकुरत बसतो! जुन्या घरांतले लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. तिथे मात्र पाइप बदलण्यावाचून इलाज नाही.

घरभर मंद असेल, तर गच्चीवर चला. टाकीच्या तळाशी गाळ साचून तोंड बुजलंय का? व्हॉल्व्ह अर्धाच फिरलाय का? टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असेल, तर पाइपात हवाही अडकते.

आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या भगिनींनो, तुमचं दुखणं वेगळं. शॉवरपेक्षा पाण्याची पातळी १० मीटर वर असेल, तेव्हा कुठे सुमारे १ बार दाब मिळतो. तुमची टाकी डोक्यावर जेमतेम ३ मीटर; म्हणजे दाब ०.३ बार. खालच्यांचा शॉवर जोरात आणि तुमचा मंद, यात नवल नाही. टाकी उंच चौथऱ्यावर घ्या, शॉवरचा पाइप थोडा रुंद घ्या, किंवा टाकीनंतर छोटा पंप बसवा.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. रस्त्यावरून आलेल्या नळाच्या वाहिनीला थेट मोटर लावू नका. बैठ्या घरांत तर हा मोह फार होतो. आपली बादली भरते, पण शेजारणीचा नळ कोरडा पडतो. शिवाय मोटर ओढते तेव्हा गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. कावीळ, विषमज्वर, जुलाब घरात येतात ते असेच, आणि ते एकट्या शेजारणीकडेच जात नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी प्लंबरला बोलावण्याआधी बादली नि घड्याळ हाती घ्या. निम्म्या वेळा औषध व्हिनेगरच्या वाटीतच सापडेल!