पोरावर मार्का कुणाचा?

मी गोदीत पोती वाहतो. पोत्यावरचा मालकाचा मार्का बघूनच माल सुटतो. पोराच्या बाबतीत कायदा हेच करतो.

पालकत्वाचा हिंदू कायदा १९५६ चा. बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडला त्याच वर्षीचा. आम्हा बौद्धांनाही लागू! त्यात औरस पोराचा पालक आधी बाप, नंतर आई. अनौरस असेल तर मात्र आई पहिली. म्हणजे पोर इभ्रतीचं तर हक्क बापाचा, बेइभ्रतीचं तर ओझं आईचं.

आमच्या मालवण-सावंतवाडीकडे देवळातल्या भाविणींनी हेच ओझं वाह्यलं. त्यांच्या पोरांवर ‘देवळी’ हा शिक्का, बाप सोवळेच. पोटगी? कलम १२५ खाली अनौरस पोरालाही होती, पण कित्येक वर्षं महिना ५०० रुपयांच्या वर नाही.

१९९९ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, त्याच्या गैरहजेरीतही. म्हणजे हजर असला की मालक तोच! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोराच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घातलं. बरं केलं. पण कलम तिथंच आहे.

‘बापाशीचा नाव काय?’ हे विचारणाऱ्यांना मी विचारतो, पोसलं कुणी? जिनं पोसलं तिचा हक्क बरोबरीचा पाहिजे. आणि पळालेल्या बापाकडून पैसा वसूल झालाच पाहिजे.