सकाळची घाई

सकाळी सात वाजता आमच्या नांदगाव पेठमध्ये घरोघरी एकच गजर, "आटप लवकर!" आमचं घरही त्याला अपवाद नव्हतं. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मला आनंद झाला. पण घरी झालं काय, तर नात रात्री तासभर उशिरा झोपू लागली आणि सकाळची आरडाओरड तशीच राहिली!

मी शिक्षक असताना उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं करीत असे. एक मुलगी रोज उभी राहायची. पाणी भरून, धाकट्या भावाचं आवरून ती शाळेत येते, हे मला वर्ष सरताना कळलं. ते अजून सलतं.

म्हणून आता रात्रीच मी नातीकडून दप्तर भरून घेतो, सूनबाईला भाजी निवडून देतो, आणि नऊ वाजता टीव्ही बंद. सरकारने शाळेची वेळ बदलली. घरातली कामं वाटून घेणं मात्र आपल्याच हाती आहे. सगळी घाई एकट्या आईवर टाकून सकाळ शांत कशी होणार? बघा, पटतंय का.