कुंभाराच्या अंगणात

वाचकहो, गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ सायंप्रार्थनेनंतर आम्हांस भेटावयास आले. बराच वेळ हातातला रुमाल चाळवीत ते गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "फादर, आमच्या धाकटीला चार शब्द सांगा. पदवी घेतली, पणजीत नोकरी लागत होती, ती सोडून मडकी करायला जाते. आमच्या घराण्यात कुंभारकाम कधी कोणी केले होते काय?"

आम्ही त्यांस शब्द दिला. खरे सांगावयाचे तर त्यांचे म्हणणे आम्हांसही पटलेच होते. शिकलेल्या मुलीने चिखलात हात घालावेत हे आमच्याही मनास रुचले नव्हते.

ही मुलगी प्रथम डिचोलीच्या एका वृद्ध कुंभाराकडे चाक फिरवावयास शिकली. डिचोली हे गाव मातीच्या भांड्यांसाठी गोव्यात पूर्वापार नावाजलेले आहे. पुढे पेडणे तालुक्यात एका कलावंताने भट्टी घातली आहे, तेथे ती जाऊ लागली. एका शनिवारी आम्ही त्याच अंगणात जाऊन पोहोचलो, ते तिला परत घरी आणण्याच्या विचाराने.

आम्ही बोलणार तोच ती म्हणाली, "फादर, थोडे थांबा. भट्टी उघडायची वेळ झाली आहे." म्हणून आम्ही थांबलो, आणि जे पाहिले ते आज आपणांस सांगत आहोत.

या कामास राकू म्हणतात. साध्या मातीत भाजलेल्या मातीची भुकटी मिसळतात. त्यामुळे भांडे एकाएकी तापले वा निवाले तरी सहसा तडकत नाही. भांडे वाळले की ते एकदा भाजतात, त्यावर झिलई चढवितात आणि पुन्हा लहानशा भट्टीत घालतात. आत उष्णता सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. आपला कुंभार आवा पेटवतो आणि तो आपोआप निवेपर्यंत वाट पाहतो. राकूत तसे नाही. झिलई वितळून चकाकू लागली की लांब चिमट्याने ते लाललाल भांडे तसेच बाहेर काढतात आणि काजूची वाळलेली पाने व लाकडाचा भुसा भरलेल्या पत्र्याच्या पिंपात ठेवतात. भडका उठतो. लगेच वर घट्ट झाकण बसवितात.

आता आतला जाळ हवेसाठी तडफडतो. बाहेरची हवा मिळत नाही, म्हणून तो झिलईतल्या तांब्याच्या क्षारातून प्राणवायू ओढून घेतो, आणि मागे तांबे उरते. त्यातूनच तो मोरपिसासारखा तांबूस, निळा, हिरवा रंग उमटतो. जेथे झिलई नसते तेथे माती धुराने काळी होते आणि झिलईला पडलेल्या बारीक भेगांत काजळी भरून जाळीदार नक्षी तयार होते. डिचोलीच्या कुंभारास यातले अर्धे ठाऊकच असते. आपल्या लोहयुक्त मातीचे मडके मोकळ्या हवेत भाजले तर तांबडे होते. तेच धुरात कोंडले तर काळे होते.

मुलीने सांडशीने एक भांडे बाहेर काढून पाण्यात बुडविले. चर्र आवाज झाला आणि भांडे उभे चिरले. तिने ते उचलून भिंतीकडेला ठेवले. तेथे तशा चिरलेल्या भांड्यांची रांगच होती. आम्ही विचारले, "बाळ, तुझी आई म्हणते, यात पाणीही राहत नाही. मग याचा उपयोग काय?"

ती म्हणाली, "आई बरोबर सांगते. पाणी झिरपते, आणि यात खाऊ-पिऊही नये. हे शोभेचे आहे, घेणारेही थोडे आहेत. म्हणून मी डिचोलीला जाणे सोडलेले नाही. आठवड्यातले तीन दिवस तिथे मडकी करते. आजोबांचे हात आता थरथरतात, आणि त्यांच्या घरात चाकावर बसायला दुसरे कोणी नाही."

आम्ही जे बोलावयास गेलो होतो ते आमच्या तोंडातच राहिले.

घरी येऊन आम्ही या कलेचा इतिहास चाळला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानातील क्योतो नगरीत चोजिरो नावाचा कौले घडविणारा कारागीर होता. सेन नो रिक्यू या चहाविधीच्या थोर आचार्यांनी उंची परदेशी पेले बाजूस सारले आणि या कौलकाराकडून चाकावाचून, नुसत्या हातांनी घडविलेले साधे काळे व तांबडे वाडगे करवून घेतले. राकू म्हणजे सुख, निवांतपणा. पुढे त्या घराण्याचे नावही तेच झाले, आणि २०१९ साली हा वारसा सोळाव्या पिढीच्या हाती गेला. पिंपातल्या धुराची पद्धत मात्र जपानची नव्हे. ती अमेरिकेतील पॉल सोल्डनर यांनी १९६० च्या सुमारास रूढ केली. आजचे रंगीबेरंगी राकू बहुधा तिच्यातूनच येते.

रिक्यूंच्या चहाच्या खोलीचे दार मुद्दाम इतके बुटके ठेवलेले असे की मोठमोठ्या सरदारांनाही तलवार बाहेर ठेवून, वाकून आत यावे लागे. या आचार्यांच्या सात प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हे ख्रिस्ती सरदार होते. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली आपल्या गोव्याहूनच निघून जपानास गेले. त्यांनी पेरलेल्या बीजाचे हे फळ. १५८७ साली हिदेयोशीने त्यांस धर्म सोडण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी जहागीर सोडली, धर्म सोडला नाही. १६१५ साली मनिला येथे हद्दपारीत त्यांस मृत्यू आला, आणि २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांस धन्य म्हणून घोषित केले. अशा पुरुषास कौलकाराचे वाडगे मांडलेल्या खोलीत वाकून शिरण्यात कमीपणा वाटला नाही. आणि आम्हांस कुंभाराच्या अंगणात जावयास लाज वाटली!

बंधुभगिनींनो, मुलीच्या वडिलांनी पोटाची चिंता बोलून दाखविली असती तर ती रास्त होती. पण त्यांच्या तोंडी पहिला प्रश्न आला तो घराण्याचा. बाप्तिस्मा घेऊन इतक्या पिढ्या लोटल्या, तरी कोणते काम कोणत्या घराण्याचे ही मोजणी आपल्या ओसरीवरून गेलेली नाही. आपल्या लग्नात घुमट वाजते तेव्हा आपले पाय आपोआप ताल धरतात. २०१९ साली गोवा सरकारने त्यास वारसा-वाद्याचा मान दिला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने माना उंचावल्या. त्या घुमटाचे मडके कोणी घडविले? ज्या हातांनी घडविले त्यांस आपण कधी आपल्या बाकावर शेजारी बसविले काय?

यिर्मया संदेष्ट्यास परमेश्वराने कुंभाराच्या घरी धाडले होते. आम्हांस एका रागावलेल्या पित्याने धाडले. दोन्हीकडे शिकावयाचे होते ते जाणाऱ्याने.

त्या गृहस्थांस आम्ही पाहिले ते सर्व सांगितले. मिळकत अनिश्चित आहे, भांडी तडकतात, हेही लपविले नाही. एक वर्ष वाट पाहावी, आणि तिला हिणवू नये, एवढेच आम्ही मागितले. ते काही न बोलता उठले. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर जवळ येऊन त्यांनी हळूच विचारले, "फादर, ती भट्टी किती वाजता उघडतात?"

आपणही डिचोलीच्या बाजारात मडके घ्यावयास जाल तेव्हा दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि घरातील एखादे मूल मातीत हात घालू लागले, तर त्याला ओरडण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा.