लेक जपानला निघते तेव्हा

परीक्षांचे निकाल लागले, की आपल्या आळीतल्या गप्पांचा विषय ठरलेला. पूर्वी "पुण्याला घालायचं की कोल्हापूरला?" एवढ्यावर भागायचं. हल्ली "आमची जपानला निघालीय" असं सांगणारी एखादी आई सांगलीतही भेटते आणि साताऱ्यातही. माझी साताऱ्याची भाची टोकियोजवळ चिबा भागात जपानी शिकते आहे. तिला जाऊन दोन वर्षं होत आली. त्यामुळे मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत पालक मला गाठून विचारतात, "बाई, पाठवावं का? प्लॉट विकावा का? पाटल्या मोडाव्यात का?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं, या आठवड्यात सगळ्यांशीच बोलावं.

घरचं माणूस लांब जाणं आपल्याला काही नवं नाही. विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची तर ओळखच मिलिटरी अपशिंगे अशी. आणि जपानचं म्हणाल, तर आपल्यासारख्या बी.ए. झालेल्या बायकांवर त्या देशाचे थोडे उपकारच आहेत. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली आणि त्यातून १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. पुढे परदेश दौऱ्यावर गेले तेव्हा १९३० साली परतण्यापूर्वी अण्णा ते टोकियोचं विद्यापीठ स्वतः पाहूनही आले. तेव्हा जपान शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. पण तिथला रोजचा दिवस कसा असतो आणि पैशाचा मेळ कसा बसतो, एवढं आधी नीट समजून घ्यायला हवं.

आधी राहण्याचं बघू. भाचीची खोली सहा तातामींची. तातामी म्हणजे गवती चटई, साधारण सहा फूट बाय तीन फूट, आणि खोलीचं माप तिकडे चटयांवरच मोजतात. म्हणजे आपल्या हिशोबानं शंभर चौरस फूट झाली. त्यातच झोपायचं, अभ्यास करायचा आणि कोपऱ्यात एका शेगडीवर रांधायचं. खोली घेताना अनामत द्यावी लागते, ती परत मिळते. पण पुष्कळ ठिकाणी घरमालकाला 'रेइकिन' म्हणून मानाची रक्कमही द्यावी लागते. ती परत मिळत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा. भिंती पातळ असतात. सकाळी सहाला खलबत्ता वाजवला किंवा रात्री दहाला मोठ्यानं फोनवर बोललं, तर शेजारी तोंडावर भांडत नाहीत, पण तक्रार घरमालकाकडे जाते.

तिथला सगळ्यात मोठा धडा कुठला असेल, सांगा बरं? कचरा! जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लॅस्टिकच्या बाटल्या धुऊन, झाकण आणि वेष्टन काढून वेगळ्या, डबे वेगळे. प्रत्येकाचा वार ठरलेला आणि सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत नेमक्या जागी ठेवायचा. वार चुकला, की पिशवी चिठ्ठी लावून तिथंच राहते. ज्या मुलानं घरी कधी खरकटं ताटसुद्धा उचललेलं नाही, त्याची पहिल्या महिन्यात काय तारांबळ उडत असेल!

आता खाण्याचं. शाकाहारी घरातल्या आयांनी हे नीट वाचा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पातळ सार. ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाचं असतं. त्यामुळे वरून नुसता टोफू आणि भाजी दिसणाऱ्या वाटीतही मासा असू शकतो. बाहेर खाऊन शाकाहार सांभाळणं अवघड, म्हणून रांधता यायलाच हवं. भात मुबलक मिळतो, पण चिकट. कोबी, कांदा, बटाटा, वांगी मिळतात. भेंडीसुद्धा मिळते, तिला तिकडे 'ओकुरा' म्हणतात. टोकियोच्या एदोगावा विभागात निशी-कासाई म्हणून वस्ती आहे. तिथं आपली पुष्कळ मंडळी राहतात आणि डाळी, कणीक, मसाले मिळणारी दुकानं आहेत. भाची महिन्यातून एकदा तिथं जाऊन तूरडाळ आणते. रोज वरण-भात-भाजी आणि सुट्टीच्या दिवशी पिठलं, असा तिचा बेत.

बॅग भरताना आपलं आईचं मन आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण थोडं थांबा. तिकडची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. त्यामुळे इथला मिक्सर तिथं नीट फिरत नाही. तो बॅगेत कोंबू नका. खोलीत गॅस असेल तर छोटा कुकर चालेल, विजेची शेगडी असेल तर आधी बूड चालतं का ते विचारून घ्या. गोडा मसाला, मेतकूट, हळद हे सुकं सामान द्या. ताजा कढीपत्ता, तासगावची द्राक्षं, कसलीही ताजी फळं-भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र देऊ नका. सरकारी दाखल्याशिवाय ते आत नेता येत नाहीत आणि तिथले कायदे कडक आहेत. औषधांचंही तसंच. स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असलेली सर्दी-खोकल्याची काही औषधं तिकडे चालत नाहीत. तेव्हा घरातला औषधांचा डबा उचलून तसाच बॅगेत टाकू नका. डॉक्टरांना विचारून, त्यांची चिठ्ठी बरोबर देऊन मोजकंच द्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. "तिथं गेल्यावर काम करून फी आपली आपण भरेल," असं पुष्कळ आयांना सांगितलेलं असतं. या वाक्यावर विसंबून कर्जं काढली जातात, म्हणून आपण वही-पेन्सिल घेऊन बसू या.

विद्यार्थ्याला काम करायची परवानगी वेगळी काढावी लागते आणि तीही आठवड्याला २८ तासांचीच. लांब सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथली किमान मजुरी देशभराच्या सरासरीनं तासाला १,०५५ येन ठरली होती. २८ तासांचे झाले २९,५४० येन, आणि चार आठवड्यांचे साधारण १,१८,०००. शंभर येनांना पंचावन्न-साठ रुपये धरा, म्हणजे आकडा ऐकायला छान वाटतो. आता खर्च मांडा. भाडं ४५,०००. जेवणखाण ३०,०००. फोन, वीज, पाणी, गॅस, विमा, रेल्वेचा पास मिळून १८,०००. झाले ९३,०००. हातात उरले २५,०००. वर्षाचे तीन लाख येन. आणि भाषाशाळेची फी? वर्षाला सात-आठ लाख येन! म्हणजे सुट्टीतलं जादा काम धरलं, तरी फीचा मोठा भाग घरूनच जायला हवा. शिवाय पहिले काही महिने भाषा येत नाही तोवर काम मिळणंही कठीण. सरकारी विद्यापीठांची ठरलेली वार्षिक फी ५,३५,८०० येन आणि प्रवेश शुल्क २,८२,००० येन. २०२५ पासून टोकियो विद्यापीठानं नव्या विद्यार्थ्यांची फी वाढवून ६,४२,९६० केली.

काही मुलं मग २८ तासांच्या वर लपून काम करतात. रात्रभर दुकानात उभं राहायचं आणि सकाळी वर्गात डुलक्या काढायच्या. वर्गातली हजेरी घटली किंवा जादा तास उघडकीला आले, तर व्हिसा वाढवून मिळत नाही. मग प्लॉटही गेला आणि शिक्षणही गेलं! मुलं घरी हे सांगत नाहीत. फोनवर "सगळं छान आहे" म्हणतात. म्हणून हा हिशोब निघण्यापूर्वी मुलासमोर बसून करा. घरून वर्षाला किती जमेल ते त्याला स्पष्ट सांगा आणि नाहीच जमत असेल, तर यंदा नको म्हणायला लाजू नका. बँकेत चार दिवस रक्कम ठेवून कागद करून देतो, असं कुणी सुचवलं तर त्या दारात पुन्हा जाऊ नका. पालकांचं उत्पन्न आणि शिल्लक दाखवायला सांगतात ती खर्च झेपेल का ते बघण्यासाठीच, आणि तो प्रश्न तुम्हालाही पडायलाच हवा.

मग आपल्यासारख्या मध्यम घरातल्या मुलांनी जाऊच नये का? असं नाही हं. जपान सरकारची 'मेक्स्ट' म्हणून शिष्यवृत्ती आहे. परदेशी विद्यार्थ्यांना ती १९५४ पासून मिळते. फी माफ, विमानाचं जाण्या-येण्याचं भाडं आणि दरमहा खर्चाला रक्कम. अर्ज दिल्लीच्या जपानी वकिलातीमार्फत होतात, लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. जागा थोड्या, पण अर्ज करायला काय हरकत आहे? आणि भाषा इथंच शिकून घ्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते. तिच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. मूल दोन पायऱ्या इथंच चढून गेलं, तर तिथला भाषाशाळेचा काळ कमी लागतो, पैसे वाचतात आणि कामही बरं मिळतं.

आजारपणाची काळजी तर आपल्याला असतेच. पोचल्यावर घर ठरलं, की चौदा दिवसांच्या आत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा आणि तिथंच सरकारी आरोग्य विमा घ्यायचा. मग दवाखान्याच्या बिलातले शंभरातले तीसच आपण भरायचे. ॲम्ब्युलन्ससाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे आकडे तुम्हीही लिहून ठेवा.

भूकंपाचं सातारकरणींना काय सांगावं! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेनं दिलेला हादरा घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेला आहे. जपानात मात्र त्याची रोजची तयारी असते. १९२३ च्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून दर १ सप्टेंबरला ठिकठिकाणी सराव होतो. भाचीच्या दाराशी एक पिशवी कायम भरलेली असते. पाणी, टॉर्च, कोरडा खाऊ, कागदपत्रांच्या प्रती. खरं तर ही पिशवी पाटणला किंवा कराडला आपल्या घरीही असायला काय हरकत आहे?

आणि सगळाच रडका कारभार नाही बरं का! सुट्टीत पोरं हिंडतातही. साध्या गाड्यांसाठी तिथं हंगामी तिकीट मिळतं, पाच दिवसांचं १२,०५० येन. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग दिवसच वापरावं लागतं. भाची त्या तिकिटावर ओकायामाला गेली. पहाटे निघाली ती गाड्या बदलत रात्री पोचली. डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या. तिथली कोराकुएन बाग बघताना तिला पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवलं, कारण ते त्याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. पुढे हिरोशिमाला शांती उद्यान पाहिलं. त्या रात्रीचा तिचा फोन नेहमीपेक्षा लांबला. दोन वर्षांत मुलगी किती मोठी झाली, ते तेव्हा नणंदेला कळलं.

फोनवरून आठवलं. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. आपण जेवणं आटोपून नऊला फोन लावतो, तेव्हा तिथं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. आपल्या संध्याकाळी पाचला लावा, तिथं साडेआठ.

नेटानं राहिलेल्यांचं भलंही होतं. योगेंद्र पुराणिक हे आपल्या अंबरनाथचे. १९९७ च्या सुमारास विद्यार्थी म्हणून तिकडे गेले, पुढे तिथलेच झाले आणि २०१९ मध्ये एदोगावाच्या नगरसभेवर निवडून आले. नंतर इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले.

म्हणून मैत्रिणींनो, जाण्याचं ठरलं असेल तर मधल्या सहा महिन्यांत मुलगा असो की मुलगी, त्याच्या हातात स्वयंपाकघर द्या. कुकर लावणं, चार भाज्या, पिठलं, आपले कपडे आपण धुणं, बटण लावणं आणि रोजचा खर्च वहीत लिहिणं. मुलींना हे थोडंफार येतं, मुलांना आपणच शिकवलेलं नसतं. सुरुवात म्हणून उद्यापासून घरातला ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत टाकायचं काम त्याच्याकडे सोपवून टाका. महिनाभर न सांगता केलं, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.