पानांतलें आणि पोटांतलें

अमेरिकन लष्कराच्या विनंतीवरून १९८२ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें सैनिकांच्या आहारसंशोधनासाठीं एक तज्ज्ञ-समिति नेमिली. झालेल्या प्रयोगांची छाननी करावी, उणिवा दाखवाव्या व पुढील संशोधनास दिशा द्यावी, हें तिचें काम. हुकूम सोडणें नव्हे. १९९५ च्या अहवालांत तिनें एक विलक्षण प्रश्न हाताळला : शिध्यांत पोषण पुरेसें असूनहि मोहिमेवरील शिपाई पोटभर कां जेवीत नाहींत? तेच ते पदार्थ, अपुरा वेळ, सोबतीचा अभाव, अशीं कारणें पुढें आलीं. न खाल्लेल्या अन्नाचे गुण कागदावरच राहतात. पंगत उठल्यावर पानांत काय उरलें हें पाहणारी आमच्या घरची गृहिणीहि याच शास्त्राची अभ्यासक होय, असें आम्हांस वाटतें.