ट्रक मैदानात, बॅटरी उशाशी

रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकला जे पालक खेळणे समजतात, त्यांच्याशी आमचा पहिला वाद आहे. जत्रेत मिळणारी, पेन्सिल सेलवर चालणारी गाडी वेगळी. ती भिंतीला आपटली तर रंग जातो, इतकेच. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली ट्रॅक्सस ही कंपनी एक्स-मॅक्स नावाचा ट्रक बनवते. तो पाऊण मीटरहून लांब, वजनाने साडेआठ किलोच्या पुढे, आणि कंपनी त्याचा वेग ताशी 80 किलोमीटर सांगते. हिशेब करून पाहा. एवढ्या वेगाने येणारा ट्रक पायावर आदळणे म्हणजे तेवढ्याच वजनाची वस्तू आठव्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. नडगीचे हाड त्यापुढे काय टिकणार?

असे ट्रक मुंबई-पुण्यातही हौसेने चालवले जातात. नवा घ्यायचा तर किंमत लाखाच्या घरात. मग आपल्या वस्तीत तो कुठून येणार, असे कुणी विचारेल. नवा येत नाही, मोडका येतो. मोबाइल दुरुस्त करणारा किंवा गॅरेजात काम शिकणारा मुलगा जुना सांगाडा स्वस्तात उचलतो, एकाची मोटर, दुसऱ्याचे चाक जोडतो आणि महिन्याभरात गाडी पळवतो. त्या मुलाचे आम्हाला कौतुकच आहे. गिअर, डिफरन्शियल, मोटरला हवी तेवढी वीज देणारे सर्किट, हे सगळे तो हाताने शिकतो. शिवाय मोबाइल खिशात ठेवून उन्हात मैदानावर जातो. लहान वयात रोज काही वेळ घराबाहेरच्या उजेडात काढला तर लांबचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हे डोळ्यांचे डॉक्टर सांगतातच. व्यायाम म्हणाल तर फारसा नाही. एका जागी उभे राहून बोट दाबायचे. ट्रक उलटला की सरळ करायला जेवढे चालावे लागते, तेवढाच व्यायाम. अर्थात तो सारखा उलटतो.

तेव्हा हा नाद बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे जागेबद्दल आहे. हा छंद ज्या देशांत वाढला, तिथल्या पुष्कळ घरांना मागे अंगण आणि बाजूला गॅरेज असते. बॅटरी गॅरेजच्या फरशीवर चार्ज होते, माणसे दुसऱ्या खोलीत झोपतात. आपल्याकडे दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, एकच दार, आणि त्या दारापाशीच प्लग. ट्रक मैदानात पळतो, पण त्याची बॅटरी रात्री आजीच्या उशाशी चार्जिंगला लागलेली असते.

ही बॅटरी लिथियम पॉलिमरची असते. मुले तिला ‘लिपो’ म्हणतात. मोबाइलच्या बॅटरीवर 5000 लिहिलेले असते, हिच्यावरही 5000 लिहिलेले असते, म्हणून दोन्ही सारख्याच असे वाटते. पण मोबाइलमध्ये एक सेल असतो. एक्स-मॅक्सला चार-चार सेलचे दोन पॅक लागतात, म्हणजे आठ मोबाइलची ताकद एका गाडीत. त्याहून मोठा फरक दिसत नाही. मोबाइलच्या बॅटरीत बिघाड झाला की वीज तोडणारे छोटे सर्किट बसवलेले असते. लिपो पॅकला क्षणात प्रचंड करंट द्यायचा असतो, म्हणून त्यात सहसा असे सर्किट नसते. सगळी राखण चार्जरवर आणि माणसावर.

एका सेलचा व्होल्टेज 4.2 च्या वर जाऊ द्यायचा नाही आणि 3 च्या खाली उतरू द्यायचा नाही. पॅकला मुख्य वायरींशिवाय एक छोटा पांढरा कनेक्टर असतो, तो चार्जरला लावला तरच प्रत्येक सेल वेगळा मोजला जातो. स्वस्तातला चार्जर आणून ती वायर मोकळी सोडणारे आहेत. चार सेलपैकी तीन कमी आणि एक जास्त भरला, तरी त्यांना एकूण आकडा बरोबरच दिसतो. दुसरे कारण आपटणे. पॅक मऊ असतो. उडी मारून ट्रक दगडावर पडला आणि आत चेप बसला तर त्याच वेळी काही होईलच असे नाही. तासाभराने किंवा रात्री चार्जिंगला लावल्यावर आतला पडदा फाटतो, सेल तापतो, तो शेजारच्या सेलला तापवतो आणि पॅक भडकतो. निघणारा धूर विषारी असतो. बंद खोलीत झोपेतल्या माणसाला आगीआधी तो धूर गाठतो.

म्हणून आमचा आग्रह असा की आधी चार्जिंगची जागा ठरवावी, मग ट्रक आणावा. गच्चीचा कोपरा, गॅरेजची फरशी, विहाराच्या आवारात समितीने परवानगी दिलेली सावलीची जागा, काहीही चालेल. पण दिवसा, चालवणारा स्वतः शेजारी बसलेला असताना. खाली फरशी किंवा लोखंडी पाटी, जवळ वाळूची बादली. गादी, सोफा, जिना, दाराची वाट इथे कधीच नाही. मैदानातून आणलेला गरम पॅक निवल्याशिवाय लावू नये. चार-आठ दिवस गाडी चालवायची नसेल तर पॅक पूर्ण भरूनही ठेवू नये, सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा. अशी जागा नसेल तर चार मित्रांनी एकाच ठिकाणी बॅटऱ्या ठेवाव्यात. तीही सोय होत नसेल तर आम्ही स्पष्टच सांगू: ज्या घरात लेकरे झोपतात तिथे हा ट्रक नको. मुलगा चार दिवस रुसेल.

पॅक फुसफुसू लागला, गोडसर वास आला की सगळ्यांनी बाहेर पडावे, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना आधी काढावे आणि 101 ला फोन करावा. बॅटरी हातात उचलून पळायचे नाही. भाजले तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये, आणि दवाखाना गाठावा.

पेट्रोलवर चालणारेही ट्रक असतात. लोसी कंपनीच्या फाइव्ह-टीला 26 सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन आहे, जुन्या लुनाच्या निम्म्याहून थोडे मोठे. ते खोलीत सुरू करून पाहणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून घेणे, यापलीकडे सांगण्यासारखे नाही.

गल्लीत मात्र कोणताच ट्रक पळवू नये. पूर्ण वेगात तो सेकंदाला बावीस मीटर जातो. समोर रांगते मूल दिसून बोट ब्रेकवर जाईपर्यंत दहा-पंधरा मीटर संपलेले असतात. गल्ली तेवढी लांब तरी असते का?

आणि फुगलेली बॅटरी. ती टोचून हवा काढणे हा अत्यंत घातक उद्योग आहे. ती घंटागाडीत टाकणेही तितकेच वाईट, कारण तो कचरा हाताने निवडणाऱ्या बाया आपल्याच वस्तीतल्या असतात, आणि गाडीत दाबली गेली की ती पेट घेते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे, तेव्हा विकणाऱ्या दुकानदाराला परत घ्यायला सांगावे किंवा ई-कचरा गोळा होतो तिथे द्यावी. तोवर टोकांना चिकटपट्टी लावून, वाळूच्या डब्यात, घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी.