हत्यार कारागिराचे, दर कंपनीचे

वातानुकूलन यंत्र वा फ्रीज दुरुस्त करावयास आलेल्या कारागिराच्या पेटीत स्वस्तातली हत्यारे दिसली की मध्यमवर्गीय ग्राहक नाक मुरडतो. धंदा करावयाचा तर चांगली हत्यारे का घेत नाहीत, हा त्याचा सवाल. सवाल रास्त आहे. मात्र तो चुकीच्या माणसाला विचारला जातो.

स्वस्त पाना घसरला तर बोटे सोलतात, फार तर नट झिजतो. तेवढे कारागीर सोसतो. मापनाच्या साधनांची गोष्ट वेगळी. योग्य फ्यूज नसलेला मल्टिमीटर २३० व्होल्टच्या विजेवर चुकीच्या जोडणीने लागला, तर हातातच फुटू शकतो. आर-२२ वायूच्या काळातील गेज आर-४१०ए ला लावणे म्हणजे सुमारे दीडपट दाब त्याच्यावर लादणे. कमकुवत व्हॅक्यूम पंप नळ्यांतील बाष्प पुरते ओढून घेत नाही. उरलेल्या ओलाव्याने तेलात आम्ल तयार होते आणि कालांतराने कॉम्प्रेसर जळतो. त्यात आर-३२ व आर-२९० हे ज्वालाग्राही वायू आले असताना गळती हुडकणारे भरवशाचे यंत्र ही चैन कशी म्हणावी?

कारागीर हे सारे जाणतो. परंतु ॲपवरून काम मिळविणाऱ्या कारागिराला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. पेटी त्याची, दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे. दर तेवढे कंपनीने ठरवावयाचे! उत्पादनसाधनांपासून श्रमिकाची फारकत हा मार्क्सच्या विवेचनाचा गाभा. येथे साधने श्रमिकाच्याच गळ्यात बांधून त्यांच्या झिजेचा खर्चही त्याच्याच माथी मारला आहे. अशा स्थितीत तो स्वस्त पंप घेतो, यात नवल ते काय?

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद केली. त्यात अपघात विमा आहे, आरोग्य आहे, वार्धक्यही आहे. ज्या हत्याराने अपघात होतो ते मात्र नाही. महाराष्ट्राला तरी हा विचार अपरिचित नसावा. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेऊन कामगारांसाठी मंडळे उभी केली. त्याच धर्तीवर कंपन्यांकडून हत्यार-निधी घ्यावा आणि महागडे पंप व गळतीशोधक यंत्रे तालुक्याच्या आयटीआयमधून अल्प भाड्याने मिळावीत, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत घालावयास हवी. तोवर एका वस्तीतील चार-पाच कारागिरांनी मिळून एक चांगला पंप घेण्यास शासनाच्या परवानगीची गरज नाही.